ऊस बिलावर ‘हॅश एरर’: रिपोर्टिंग सर्व्हरवरच्या कस्टम कोडची परवानगी पुन्हा पुन्हा का जाते

जानेवारीतला सोमवार, हंगाम ऐन भरात. राजारामपुरीतल्या ऑफिसचं कुलूप काढत होतो तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे एका साखर कारखान्याच्या शेती ऑफिसातले क्लार्क होते.

“सर, पंधरवड्याची बिलं काढाय बसलोय. आकडा बरोबर येतोय, पण अक्षरी रक्कम येईना झालीया. तिथं हॅश आनि पुढं एरर असं छापतंय.”

“सगळ्याच बिलांवर?”

“सगळ्याच. शनवारपातूर नीट हुतं.”

शनिवारपर्यंत नीट होतं, कारण रविवारी आम्ही रिपोर्टिंग सर्व्हर बदलला होता. डेटाबेसमधून रिपोर्ट काढून देणारी मायक्रोसॉफ्टची एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेस, २०१६ वरून २०१९ वर. डेटाबेस जोडला, एन्क्रिप्शन की परत घातली, रिपोर्ट्स दिसले, दोनचार उघडून पाहिले आणि रात्री घरी आलो. उघडलेल्या त्या दोनचारांत ऊस बिल नव्हतं.

अक्षरी रुपयांची ओळ बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. पण ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि अक्षरी रक्कम नसलेल्या बिलावर हिशेबनीस सही करत नाहीत. शेतकरी बिल हातात घेतो तेव्हा आधी वजन बघतो, मग कपाती बघतो आणि शेवटी ती अक्षरी ओळ वाचतो. तिथं एरर छापून आलं, तर वरच्या आकड्यावरचाही त्याचा विश्वास जातो. म्हणून ही चूक मला बाकी कुठल्याही रिपोर्टच्या चुकीपेक्षा जास्त लागते.

हाच बिघाड मी गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या ठिकाणी इतक्या वेळा पाहिला आहे, की आता तो कुठून येतो आणि कसा कायमचा जातो हे सविस्तर लिहून ठेवतो.

आधी कोड काय करत होता ते सांगतो. इंग्रजीत वीसच्या पुढं एक, दोन जोडत गेलं की नव्व्याण्णवपर्यंत काम भागतं. मराठीत तसं नाही. अठ्ठेचाळीस, एकोणसाठ, पासष्ट, ब्याऐंशी, प्रत्येक आकड्याला स्वतःचा शब्द. म्हणजे एक ते नव्व्याण्णवची यादीच हवी, आणि मग शंभर, हजार, लाख, कोटी. हे काम एका छोट्या डीएलएलमध्ये, म्हणजे रिपोर्टबाहेर ठेवलेल्या कोडच्या फाईलमध्ये, होतं, आणि शब्दांची यादी डी ड्राईव्हवरच्या एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये. कुणाला शुद्धलेखन सुधारायचं असेल तर नोटपॅडमध्ये उघडून सुधारता यावं, हा त्यामागचा चांगला हेतू. अडलं ते तिथंच.

रिपोर्टवर नुसतं ‘हॅश एरर’ दिसतं, कारण काही कळत नाही. कारण लॉगमध्ये असतं. २०१७ पासून रिपोर्टिंग सर्व्हिसेसचा इन्स्टॉलर वेगळा झाला आणि फोल्डरही बदलला. प्रोग्राम फाइल्समध्ये ‘मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेस’, त्यात ‘एसएसआरएस’ आणि त्यात ‘लॉगफाइल्स’. त्या दिवसाची फाईल उघडून ‘रनटाइमएररइनएक्स्प्रेशन’ हा सलग शब्द शोधायचा. लॉग मुळात १४ दिवसांचेच ठेवलेले असतात, म्हणून जुन्या तक्रारीचा माग काढायचा असेल तर उशीर करू नका.

तिथं सापडलेल्या ओळीचा गाभा असा होता: रिक्वेस्ट फॉर द परमिशन ऑफ टाइप सिस्टिम डॉट सिक्युरिटी डॉट परमिशन्स डॉट फाइलआयओपरमिशन... फेल्ड.

इथं बहुतेक जण एक चूक करतात. ‘परमिशन’ आणि ‘फाइल’ हे दोन शब्द दिसले की उजवं बटण दाबून फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये जातात आणि ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देऊन मोकळे होतात. त्यानं काहीच सुटत नाही, उलट फोल्डर मात्र सगळ्यांना उघडा पडतो. कारण या दाराला कुलपं दोन आहेत. एक डॉट नेटचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ज्या व्यवस्थेवर हा कोड चालतो तिचं, दुसरं विंडोजचं. दोन्हींचे संदेश वेगळे आहेत आणि ते वेगळे ओळखता आले की निम्मं काम झालं. ‘रिक्वेस्ट फॉर द परमिशन ऑफ टाइप’ अशी सुरुवात असेल तर अडवणारं डॉट नेट आहे, विंडोजपर्यंत मागणी पोचलेलीच नाही. ‘अॅक्सेस टू द पाथ... इज डिनाइड’ असं असेल तर डॉट नेटनं सोडलं आहे, आता विंडोज अडवतंय. आणि ‘एरर व्हाइल लोडिंग कोड मॉड्यूल’ असं असेल तर परवानगीचा प्रश्नच नाही. डीएलएल सापडलेली नाही, जागा चुकली आहे किंवा नावातली आवृत्ती जुळत नाही.

डॉट नेटचं कुलूप कसं चालतं ते समजून घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका. रिपोर्टच्या आत लिहिलेली एक्स्प्रेशन्स (सूत्रं) आणि कोडच्या चौकटीतलं व्हिज्युअल बेसिक यांना सर्व्हर मुळात फक्त ‘एक्झिक्युशन’ एवढी परवानगी देतो. म्हणजे चालायची परवानगी. बेरीज करा, तारीख फिरवा, मजकूर जोडा, हरकत नाही. फाईल वाचायची नाही, डेटाबेसला स्वतःहून जोडायचं नाही, नेटवर्कवर जायचं नाही. तुमची डीएलएल सर्व्हरच्या बिन फोल्डरमध्ये ठेवली तरी तिलाही तेवढंच मिळतं. हे नियम ‘रिपोर्टसर्व्हर’ फोल्डरमधल्या पॉलिसी फाईलमध्ये असतात. तिचं नाव आर, एस, एस, आर, व्ही आणि त्याला लागून पॉलिसी, पुढं डॉट कॉन्फिग.

मग व्हिज्युअल स्टुडिओत कसं चालतं? तिथल्या प्रिव्ह्यू टॅबमध्ये हे निर्बंध लावलेच जात नाहीत, तिथं कोड पूर्ण विश्वासानं चालतो. ‘माझ्याकडं तर चालतंय’ हे वाक्य या बिघाडात दर वेळी ऐकायला मिळतं आणि बोलणारा खरंच बोलत असतो. त्याच्या मशीनवरचं चालणं हा सर्व्हरवर चालेल याचा पुरावा नाही, एवढंच.

आता जुन्या सर्व्हरवर हे कसं चालत होतं? मी जुन्या मशीनवरची पॉलिसी फाईल उघडली आणि नवीन फाईलशेजारी ठेवून ओळीला ओळ लावत गेलो. जुन्या फाईलमध्ये ‘रिपोर्ट एक्स्प्रेशन्स डिफॉल्ट परमिशन्स’ नावाच्या कोडग्रुपवर (कुठल्या कोडला किती परवानगी हे सांगणारी नोंद) ‘एक्झिक्युशन’ खोडून ‘फुलट्रस्ट’, म्हणजे पूर्ण विश्वास, केलेलं होतं. खालच्या ‘मायकॉम्प्युटर’ झोनच्या ग्रुपवरही तेच. कधीतरी, कुठल्यातरी हंगामाच्या घाईत कुणीतरी हे केलं, बिलं निघाली, आणि गोष्ट तिथंच राहिली. कुठं नोंद नाही. नवीन सर्व्हर मूळ नियमांनिशी आला आणि नोंद नसलेली ती सूट गेली. २०१६ वरून पुढं जाताना जुन्याच जागी अपग्रेड होत नाही. नवीन इन्स्टॉल करून डेटाबेस जोडावा लागतो. डेटाबेसबरोबर रिपोर्ट्स येतात. पॉलिसी फाईल येत नाही, बिनमधल्या डीएलएल येत नाहीत. डीएलएल मी आठवणीनं आणल्या होत्या, पॉलिसी फाईल पाहिली नव्हती.

दोन शब्द बदलले की पाच मिनिटांत डॉट नेटचं कुलूप निघालं असतं. क्लार्कसाहेब फोनवर थांबलेले. तरीही मी ते केलं नाही, आणि तुम्हीही करू नका असं मनापासून सांगतो. एक्स्प्रेशन्सना फुलट्रस्ट दिला म्हणजे त्या एका बिलाला दिला असं होत नाही. ज्याला ज्याला त्या सर्व्हरवर रिपोर्ट चढवता येतो, त्याच्या कोडच्या चौकटीला तो मिळतो. नव्यानं लागलेल्या पोरानं इंटरनेटवरून उचललेलं फंक्शन चिकटवलं तरी ते सर्व्हिसच्या खात्याच्या पूर्ण अधिकारानं चालणार. ते खातं वाचू शकेल ती प्रत्येक फाईल ते वाचणार, बाहेर पाठवणार, प्रोग्रामही सुरू करणार. या सर्व्हरवर सभासदांचे बँक खाते क्रमांक आहेत. सूट द्यायचीच तर ती एका डीएलएलला, नाव घेऊन द्यायची.

ते असं करायचं. पॉलिसी फाईलची आधी तारखेसह प्रत काढून ठेवा. ही एक्सएमएल फाईल आहे, एक टॅग उघडा राहिला तरी पूर्ण रिपोर्ट सर्व्हर उठत नाही. मग फाईलमध्ये ‘कोडजेन’ हा शब्द शोधा, त्याच्या दोन्ही बाजूंना डॉलरचं चिन्ह असतं. तो कोडग्रुप जिथं बंद होतो, त्याच्या लगेच खाली आपला नवीन कोडग्रुप लिहायचा. क्लास ‘युनियनकोडग्रुप’, व्हर्जन १, परमिशनसेटनेम ‘फुलट्रस्ट’, नाव आणि वर्णन आपलं, म्हणजे दोन वर्षांनी वाचणाऱ्याला हे कशासाठी होतं ते कळेल. त्याच्या पोटात एक मेंबरशिप कंडिशन, क्लास ‘युआरएलमेंबरशिपकंडिशन’ आणि युआरएलमध्ये डीएलएलचा सी ड्राईव्हपासूनचा पूर्ण पत्ता.

जागा महत्त्वाची आहे, आणि याच गोष्टीवर लोकांचे तासन् तास जातात. बाहेरचा ग्रुप ‘फर्स्टमॅच’ जातीचा आहे. म्हणजे तो वरून खाली बघत येतो आणि पहिला जुळणारा ग्रुप सापडला की थांबतो. तुमची डीएलएल त्याच मशीनवर असल्यामुळं ती ‘मायकॉम्प्युटर’ झोनच्या ग्रुपला जुळते. तुम्ही आपला ग्रुप त्या झोनच्या बाहेर, फाईलच्या शेवटी नेऊन चिकटवलात, तर सर्व्हर तिथपर्यंत कधी पोचतच नाही. फाईल बरोबर दिसते, एक्सएमएल शुद्ध असतं आणि एरर तसाच राहतो. कोडजेनचा ग्रुप त्या झोनच्या आत आहे, म्हणून त्याच्या खाली लिहायचं.

एवढं केलं तरी चालणार नाही. इथं मला प्रत्येक वेळी कारखान्याच्या गेटचं उदाहरण द्यावं लागतं. गेटवरचा वॉचमन ट्रॅक्टरवाल्याचा पास बघून नुसतं सोडत नाही, मागं ट्रॉलीत बसलेल्या प्रत्येकाचा पास मागतो. फाईल वाचायची मागणी आली की डॉट नेट तसंच करतं. मागणारी डीएलएल विश्वासातली आहे का हे तर बघतंच, पण तिला कुणी हाक मारली, त्याला कुणी हाक मारली, असं मागं मागं जात प्रत्येकाची परवानगी तपासतं. डीएलएलला हाक मारणारं रिपोर्टचं एक्स्प्रेशन आहे आणि त्याच्याकडं फक्त चालायचा पास आहे. तिथं अडतं. म्हणून डीएलएलच्या कोडमध्ये ‘असर्ट’ करावं लागतं. ट्रॅक्टरवाल्यानं वॉचमनला सांगावं, मागच्यांची जबाबदारी माझी, तसं. त्या ठिकाणी मागं जाणारी तपासणी थांबते.

असर्ट नेमका करायचा. फाइलआयओपरमिशन तयार करायचं, त्यात फक्त वाचण्याचा अधिकार आणि त्या एका फाईलचा पूर्ण पत्ता द्यायचा, त्यावर असर्ट, मग फाईल वाचायची, आणि फायनली ब्लॉकमध्ये रिव्हर्टअसर्ट. अख्ख्या ड्राईव्हची परवानगी कशाला? एकाच फंक्शनमध्ये दोन वेगवेगळे असर्ट लागोपाठ केले तर दुसऱ्यावर एरर येतो, आधीचा मागं घ्या असं सांगतो. फाईल आणि डेटाबेस दोन्ही हवं असेल तर दोन्ही एका परमिशनसेटमध्ये घालून एकदाच असर्ट करायचा.

डीएलएलला स्ट्राँग नेम, म्हणजे डिजिटल सही असलेलं नाव, असेल तर ‘दॅट असेम्ब्ली डज नॉट अलाउ पार्शली ट्रस्टेड कॉलर्स’ हा आणखी एक संदेश भेटतो. असेम्ब्लीइन्फो फाईलमध्ये ‘अलाउ पार्शली ट्रस्टेड कॉलर्स’ हा अॅट्रिब्यूट लावला की तो जातो. पण डॉट नेट ४ पासून त्याच्या पाठीमागं एक नवा अडथळा आला. तो अॅट्रिब्यूट लावलेली असेम्ब्ली (म्हणजे डीएलएलच) मुळात ‘ट्रान्स्परंट’ धरली जाते आणि ट्रान्स्परंट कोडला असर्ट करता येत नाही, तसा स्पष्ट संदेशही येतो. त्यासाठी असर्ट करणाऱ्या फंक्शनवर ‘सिक्युरिटी सेफ क्रिटिकल’ लावायचं. जुन्या लेखांत हे सापडत नाही, कारण ते लेख डॉट नेट २ च्या काळातले आहेत. रिपोर्टिंग सर्व्हिसेस २००४ साली आली, आणि परवानगीची ही व्यवस्था तेव्हापासूनची आहे.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त फसवलेली गोष्ट वेगळीच आहे. आमच्या डीएलएलमध्ये शब्दांची यादी स्टॅटिक कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे पहिल्या वापराआधी एकदाच आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये, वाचली जात होती. एकदाच वाचायची, मग मेमरीत. कल्पना चांगली. पण स्टॅटिक कन्स्ट्रक्टर एकदा अपयशी ठरला की डॉट नेट ते अपयश लक्षात ठेवतं आणि तो अॅप डोमेन (सर्व्हिसच्या आत कोड चालतो तो कप्पा) जिवंत असेपर्यंत प्रत्येक हाकेला तोच ‘टाइप इनिशियलायझेशन’चा एरर परत देतं, पुन्हा प्रयत्नच करत नाही. म्हणजे तुम्ही फोल्डरची परवानगी दुरुस्त केलीत, ती दुरुस्ती बरोबर होती, आणि रिपोर्टवर मात्र एरर तसाच. मग माणूस बरोबर केलेली गोष्ट उलटी फिरवतो आणि दुसरीकडं शोधायला लागतो. मी एकदा यात अख्खी संध्याकाळ घालवली आहे. तेव्हापासून नियम केला: प्रत्येक बदलानंतर रिपोर्टिंगची सर्व्हिस रीस्टार्ट करायची, मगच निकाल बघायचा. डीएलएल बदलायची असेल तर तसंही सर्व्हिस थांबवावीच लागते, नाहीतर फाईल वापरात आहे म्हणून विंडोज बदलू देत नाही. रिपोर्टला कॅश किंवा स्नॅपशॉट लावलेला असेल तर तोही ताजा करा, नाहीतर कालचाच एरर आज दिसेल.

त्या सोमवारी पॉलिसी आणि असर्ट दोन्ही झाल्यावर सर्व्हिस उठवली, बिल काढलं, आणि पुन्हा हॅश एरर. पण लॉग उघडल्यावर बरं वाटलं, कारण संदेश बदलला होता. आता ‘अॅक्सेस टू द पाथ... इज डिनाइड’ होतं. पहिलं कुलूप निघालं होतं, आता विंडोजचं राहिलं होतं.

त्याचंही मूळ स्थलांतरातच होतं. २०१६ मध्ये सर्व्हिसचं मूळ खातं ‘एनटी सर्व्हिस’ आणि तिरक्या रेघेपुढं ‘रिपोर्टसर्व्हर’ असं असतं. २०१७ पासून ते ‘एसक्यूएलसर्व्हररिपोर्टिंगसर्व्हिसेस’ झालं. जुन्या नावाला दिलेली फोल्डरची परवानगी नव्या नावाच्या कामाची नाही. फोल्डरवर नव्या खात्याला फक्त वाचण्याचा अधिकार दिला, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि बिल आलं. दोन लाख अठ्ठेचाळीस हजार तीनशे पासष्ट रुपये फक्त.

विंडोजच्या कुलपाबद्दल आणखी थोडं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत टेस्ट सर्टिफिकेटवर स्पेक्ट्रोचे, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे छापायचे होते. डीएलएल ते झेड ड्राईव्हवरून वाचत होती. झेड हा नेटवर्कवरचा जोडलेला ड्राईव्ह. कोड लिहिणारा सर्व्हरवर स्वतःच्या नावानं लॉगिन करायचा, त्याला झेड दिसायचा, सर्व्हिसला दिसत नव्हता. जोडलेला ड्राईव्ह हा त्या माणसाच्या लॉगिनपुरता असतो, सर्व्हिसला तो कधीच दिसणार नाही. तिथं दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता द्यावा लागतो. शिवाय ‘एनटी सर्व्हिस’चं खातं नेटवर्कवर जातं तेव्हा ते त्या मशीनच्या नावानं जातं, नावापुढं डॉलर लावून. म्हणजे शेअर्ड फोल्डरवर परवानगी द्यायची ती त्या मशीनच्या खात्याला. खातं शोधताना ‘कॉम्प्युटर्स’ हा प्रकार निवडल्याशिवाय ते यादीत येत नाही, म्हणून अनेकांना वाटतं की असं खातंच नाही.

आता हे पुन्हा पुन्हा का होतं, त्यावर येतो. कारखान्यात एरर गेला, पण पुढच्या सर्व्हर बदलाला परत येणार होता. पत्त्यावर आधारलेला कोडग्रुप फोल्डर बदलला की निकामी होतो, आणि आवृत्ती बदलली की फोल्डर बदलू शकतो. २०१६ मध्ये ‘एमएसआरएस१३’ नं सुरू होणारा फोल्डर होता, २०१९ मध्ये नाही. त्यापेक्षा डीएलएलला स्ट्राँग नेम देऊन कोडग्रुपमध्ये ‘स्ट्राँगनेममेंबरशिपकंडिशन’ वापरली तर डीएलएल कुठंही असो, तिच्या सहीवरून ओळख पटते. सहीची पब्लिक की ‘एसएन’ नावाच्या टूलनं, टीपी हा पर्याय देऊन, काढता येते. मी आता नवीन कामात हेच करतो.

दुसरं मूळ म्हणजे आवृत्तीचा क्रमांक. रिपोर्टमध्ये डीएलएलचा उल्लेख पूर्ण नावानं असतो, त्यात आवृत्ती असते. कुणी सवयीनं असेम्ब्ली व्हर्जन १.० वरून १.१ केलं की ती डीएलएल वापरणारा प्रत्येक रिपोर्ट लोडच होत नाही. असेम्ब्ली व्हर्जन एकदा ठरवून तसंच ठेवा, बदल नोंदवायला असेम्ब्ली फाईल व्हर्जन वेगळं आहे, ते वाढवा. तिसरं, डीएलएल डॉट नेट फ्रेमवर्कवरच बांधलेली हवी. नव्या व्हिज्युअल स्टुडिओत प्रोजेक्ट घेताना नजर चुकली की डॉट नेट ६ किंवा ८ निवडलं जातं, ती डीएलएल इथं चालत नाही.

हे सगळं दुरुस्त झाल्यावर, मंगळवारी, मी स्वतःला एक प्रश्न विचारला जो सोमवारी सकाळीच विचारायला हवा होता. मुळात ही फाईल वाचायची गरज आहे का? नव्व्याण्णव शब्द. ते कोडमध्येच एका अॅरेत लिहिले, तर फाईल नाही, फाइलआयओपरमिशन नाही, असर्ट नाही, फुलट्रस्ट नाही, फोल्डरची परवानगी नाही. रिपोर्टच्या कोडच्या चौकटीत देवनागरी मजकूर बिनदिक्कत चालतो, डीएलएलसुद्धा लागत नाही. मूळ ‘एक्झिक्युशन’च्या परवानगीत हे काम आरामात बसतं. परवानगीच्या निम्म्याहून जास्त तक्रारींत मला शेवटी हेच उत्तर सापडलं आहे. डेटाबेसमधून दर आणायला कोड लिहिलेला असतो, तो डेटासेट म्हणून आणता येतो. सहीचं चित्र फाईलमधून वाचलेलं असतं, ते बाहेरचं चित्र म्हणून रिपोर्टमध्ये देता येतं, फक्त त्यासाठी अनअटेंडेड एक्झिक्युशन अकाउंट (सर्व्हरनं स्वतःहून असं चित्र आणायला वापरायचं खातं) ठरवावं लागतं. स्पेक्ट्रोच्या फायली मात्र तशा नाहीत. त्या सारख्या बदलतात, तिथं डीएलएल आणि असर्ट हाच रस्ता.

यात एक तोटा होता आणि तो मी क्लार्कसाहेबांना आधीच सांगितला. शब्द कोडमध्ये गेले की नोटपॅडमध्ये उघडून सुधारता येणार नाहीत. शुद्धलेखनाची चूक राहिली तर मला बोलवावं लागेल आणि रिपोर्ट पुन्हा चढवावा लागेल.

“मग आधी सगळं तपासून घेऊ की,” ते म्हणाले. “एक ते नव्व्याण्णव एका कागदावर काढून द्या मला.”

एक रिकामा रिपोर्ट केला, तीन रकान्यांत नव्व्याण्णव ओळी, आकडा आणि शेजारी शब्द. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि ओठ हलवत वाचत गेले. त्रेसष्टला ‘त्रेसठ’ झालं होतं. पंचेचाळीसमधला ‘चे’ राहून गेला होता. एकोणनव्वदशी जरा थांबले, बाजूच्या टेबलावर विचारून आले, मग बरोबरची खूण केली. या चुका जुन्या टेक्स्ट फाईलमध्ये होत्या, म्हणजे कितीतरी हंगामांच्या बिलांवर त्या तशाच छापल्या गेल्या होत्या. दोन्ही सुधारल्या, रिपोर्ट चढवला, पॉलिसी फाईलमधला आमचा कोडग्रुप काढून टाकला, डीएलएल बिनमधून हलवली, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि पंधरवड्याची उरलेली बिलं छपाईला लावली.